स्पायडरमॅनचा राग आणि वहीतलं ते टेबल

तुझं सात पानी पत्र दोनदा वाचलं. बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगतो, हा मुलगा सांगलीचा, बीकॉम सेकंड इयरला आहे, आठवीपासून स्पायडरमॅनची कॉमिक्स वाचतोय, आणि ती कॉमिक्स काढणारे मार्व्हलवाले कंपनी ज्या पद्धतीने चालवतात त्याचा त्याला इतका संताप आलाय की एमबीए करून तिथे जायचं आणि "सगळं सरळ करायचं" असं त्याने ठरवलंय. आईचं म्हणणं, बँकेच्या परीक्षा दे, हे खूळ पुरे झालं. पत्रासोबत त्याने वहीच्या एका पानाचा फोटोही पाठवलाय, त्याच्याकडे मी येतोच.

आधी एक सांगतो, तुझा राग मला पटतो. 1987 साली पीटर, म्हणजे स्पायडरमॅन, आणि मेरी जेनचं लग्न लावलं, वाचकांनी वीस वर्षं तो संसार पाहिला, आणि 2007 मध्ये पीटरला वाढवणाऱ्या आंट मेचा जीव वाचवायला म्हणून एका सैतानाशी सौदा करून ते लग्न झालंच नव्हतं असं करून टाकलं. वाचणाऱ्याला ते लागणारच. आणि तू लिहिलंयस तेही बरोबर आहे, 2024 च्या जानेवारीत वेगळ्या विश्वातला लग्न झालेला, दोन मुलांचा बाप असलेला पीटर आणला तर त्या पहिल्या अंकाच्या परत परत आवृत्त्या काढाव्या लागल्या, म्हणजे "लग्न झालेला हीरो चालत नाही" हे काही खरं नव्हतं.

पण आता हे बघ. 2007 ची ती गोष्ट ज्यांनी लिहिली त्या स्ट्रॅझिन्स्कींनाच शेवट मान्य नव्हता, शेवटच्या दोन अंकांवरून आपलं नाव काढा असं म्हणण्यापर्यंत त्यांची तयारी झाली होती, हे त्यांनी स्वतः उघडपणे सांगितलंय. निर्णय होता एडिटर-इन-चीफ जो केसाडांचा, आणि ती गोष्ट चितारलीही त्यांनीच. म्हणजे तू उद्या अगदी मार्व्हलचा लेखक झालास तरी ते लग्न तुझ्या हातात नाही. आणि एमबीए करून तर त्या खुर्चीच्या आसपाससुद्धा जाणार नाहीस, कारण त्या खुर्चीत बसलेली माणसं बघ, केसाडा मुळात चित्रकार, जिम शूटर 1978 मध्ये त्या पदावर आले पण डीसी या दुसऱ्या मोठ्या कॉमिक्स कंपनीला पहिली कथा विकली तेव्हा चौदा वर्षांचे होते, 2017 मध्ये आलेले सेबुल्स्की मांगाच्या, म्हणजे जपानी कॉमिक्सच्या, भाषांतराच्या आणि एडिटिंगच्या कामातून आले. सगळे कॉमिक्स बनवता बनवता वर गेलेत. एमबीएवाला जाईल तो डिस्नेच्या एखाद्या ऑफिसात, 2009 पासून मालक तेच आहेत, आणि तिथे पीटरच्या संसाराचा विषय निघतच नाही. म्हणून या कारणासाठी एमबीए करू नकोस, एवढं मी स्पष्ट सांगतो.

आता ते वहीचं पान. तुझ्या सात पानांपेक्षा मला ते जास्त आवडलं. चार रकाने आखलेत, अंक, महिना, चित्रकार, एडिटर, आणि एकाच कथेत मधेच चित्रकार बदलला तिथे लाल पेनने गोल केलाय, आणि शेजारी लिहिलंय "एडिटर झोपलाय का?"

नाही रे, झोपलेला नाही. एक हिशोब कर, तू कॉमर्सचाच आहेस. अंक साधारण वीस पानांचा. चांगला पेन्सिलर, म्हणजे पेन्सिलने चित्रं काढणारा, दिवसाला एक पान काढतो, म्हणजे सुट्ट्या धरून महिना गेला. आणि स्पायडरमॅनचं मुख्य टायटल बऱ्याचदा महिन्यातून दोनदा येतं, म्हणजे चाळीस पानं, ती एका माणसाच्या हातून होऊच शकत नाहीत. तू जिथे लाल गोल केलास तिथे बहुतेक वेळा एडिटरने तारीख वाचवलेली असते, दुसरा चित्रकार आधीच बघून ठेवून. मग महिन्यातून दोनदा का काढतात, अंकांचे नंबर मोडून सारखा नवा नंबर एक का काढतात (2014, 2015, 2018, 2022, 2025, तुझीच यादी), तर अमेरिकेत कॉमिक्सची दुकानं माल काही महिने आधी ऑर्डर करतात आणि न खपलेला माल सहसा परत करता येत नाही. दुकानदार स्वतःच्या खिशातून जुगार खेळतो, त्यामुळे तो नवीन एक नंबरवर जास्त पैसे लावतो आणि सेहेचाळीस नंबरवर कमी. कंपनीच्या हिशोबात खरं गिऱ्हाईक दुकानदार आहे, तू नाहीस. हे चांगलं आहे असं मी म्हणत नाही, मला स्वतःला यात वाचकाचा विश्वास हळूहळू खर्च होताना दिसतो, पण यंत्र असं चालतं हे कळल्याशिवाय त्याला हात लावता येत नाही.

आणि मला जे दिसतं ते हे की तुझ्यात एडिटर आहे. फॅन सगळेच असतात, पण फार थोडे लोक रकाने आखतात.

स्टाफ एडिटरची नोकरी न्यूयॉर्कमध्ये, व्हिसा हवा, ओळख हवी, ते पहिलं पाऊल नाही. न मागवलेल्या कथा मार्व्हल वाचत नाही, छापून आलेलं काम बघतं. पण कॉमिक्सची सगळी कामं तिथे बसून होत नाहीत. पुण्याचे आदित्य बिडीकर लेटरिंग करतात, म्हणजे फुग्यांतले संवाद बसवतात, डीसीच्या 2021 च्या स्वॅम्प थिंग मालिकेचं लेटरिंग त्यांचं, लेखक मूळ मुंबईचे राम व्ही. मुंबईच्याच आनंद राधाकृष्णन यांना 2021 मध्ये आयस्नर हा कॉमिक्समधला मोठा पुरस्कार मिळाला. लेटरिंगला ड्रॉइंग अगदी उत्तम लागत नाही, नजर लागते. एका चौकटीत दोन माणसं आहेत, पहिलं बोलणारा उजवीकडे काढलाय, तर त्याचा फुगा वर घ्यायचा आणि दुसऱ्याचा खाली, डोळा डावीकडून सुरू होतो म्हणून, नाहीतर वाचक उत्तर आधी वाचतो आणि प्रश्न नंतर, आणि शेपूट नेमकी तोंडाकडे गेली पाहिजे, हनुवटीवर कापता कामा नये. हे इलस्ट्रेटर या सॉफ्टवेअरवर सहा महिन्यांत हाताला बसतं आणि पैसे पानावर मिळतात. एडिटरला हे येत असेल तर त्याचं चित्रकाराशी कधी भांडण होत नाही, निदान कमी होतं.

तर बीकॉम पूर्ण कर, आईला तो शब्द दे, आणि बँकेचा फॉर्म भरायलाही हरकत नाही, रागापोटी तो टाळू नकोस. या दिवाळीपर्यंत एक आठ पानांचं कॉमिक काढ. चित्रकार कोल्हापूरच्या कलानिकेतनला किंवा सांगलीतच शोध, त्याला पानाला थोडे का होईना पैसे दे आणि काम सुरू करण्याआधी कागदावर लिहून दे की हक्क कोणाचे. तुझ्या पत्राच्या शेवटी सुपरमॅन निर्माण करणाऱ्या सिगल आणि शुस्टरबद्दल तीन ओळी आहेत, 1938 मध्ये सुपरमॅनचे हक्क 130 डॉलरला गेले म्हणून तू हळहळलायस, तेव्हा हे तुला वेगळं सांगायला नको. (ते कागद वाचताना मजा आली तर पुढे तीन वर्षांचं एलएलबी, कॉपीराइट, हाही रस्ता खरा आहे, त्यावर वेगळं बोलू.) लेटरिंग तू स्वतः कर. तारखा तू पाळ. चित्रकार चौथ्या पानावर आजारी पडला की काय करायचं तेही तूच ठरव, आणि ठरवलंस की वहीत नवं टेबल आख, यावेळी एडिटरच्या रकान्यात तुझं नाव.

तो फोटो मला पाठव, आठ पानांसकट. पाचच झाली असतील तरी पाठव.