लाळेच्या टेस्टसाठी थांबू नका

प्रश्न: बाबांचं वय 58, तीस वर्षं तंबाखू-चुना मळून खातात. डाव्या गालाच्या आत पांढरा चट्टा आलाय, महिना होऊन गेला, दुखत वगैरे काही नाही. डेंटिस्टने तुकडा काढून तपासायला सांगितलंय पण आत्या म्हणते कापलं की कॅन्सर पसरतो. आता लाळेतल्या बायोमार्करवरून कळतं असं मोबाईलवर वाचलं, ती टेस्ट कुठे होईल? (एक वाचक, बार्शी)

उत्तर: तुम्ही वाचलंत ते खोटं नाही. तोंडाच्या कॅन्सरच्या पेशंटच्या लाळेत काही प्रोटीन वाढलेली सापडतात (आजाराच्या अशा खुणांनाच बायोमार्कर म्हणतात), इंटरल्युकिन 8 हे त्यातलं एक, आणि यावर बरंच संशोधन चाललंय. पण अडचण अशी की हेच प्रोटीन हिरड्या सुजल्या तरी वाढतं, आणि इतकी वर्षं तंबाखू धरलेल्या तोंडात हिरड्या धड असतात कुठे? म्हणजे रिपोर्ट जास्त आला तर उगाच घाबराल, आणि नॉर्मल आला तर बाबा म्हणतील बघ काही नाही, आणि पुडी परत खिशात. मला ही दुसरी भीती जास्त वाटते.

चट्ट्याखालच्या पेशी बदलायला लागल्यात का, हे तुकडा मायक्रोस्कोपखाली ठेवल्यावरच कळतं. जागा बधिर करतात, काही मिलिमीटरचा तुकडा काढतात, लागलाच तर एखादा टाका घालतात, बाबा त्याच दिवशी घरी. यामुळे कॅन्सर पसरतो ही भीती मी रोज ऐकते, आत्यांना सांगा की तसं होत नाही, आणि याच भीतीपायी लोक चार-सहा महिने घालवतात ते मात्र महागात पडतं. दुखत नाही म्हणून बरं समजू नका, सुरुवातीला बहुतेक वेळा दुखतच नाही.

बायोमार्करचा उपयोगच नाही असं नाही हं. घशाच्या मागच्या भागातल्या, टॉन्सिलकडच्या कॅन्सरमध्ये काढलेल्या तुकड्यावरच पी16 ही टेस्ट करतात, तो एचपीव्ही व्हायरसमुळे झालाय का ते त्यावरून समजतं. म्हणजे तिथेही तुकडा लागतोच.

आज एक करा, बाबांना तोंड पूर्ण उघडायला लावा आणि त्यांचीच तीन बोटं उभी आत जातात का बघा. जात नसतील तर तेही डेंटिस्टला सांगा. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर आधी कळवा, स्वतःहून बंद करू नका. याच आठवड्यात जा, आणि रिपोर्ट आला की मला लिहा.