इंजिन पुन्हा खोलण्याआधी…

प्रश्न : मॅडम, मी नाशिकच्या सिडकोत राहतो, सातपूरला नोकरी करतो. माझी अकरा वर्षांची पेट्रोल गाडी ऑइल खायला लागली म्हणून गॅरेजवाल्याला पूर्ण इंजिनकाम दिलं. पिस्टन-रिंगांचा सेट मीच दुकानातून आणून दिला. बोअर, म्हणजे सिलिंडर आतून घासून मोठे करण्याचं काम, त्याने ओळखीच्या वर्कशॉपमधून मारून आणला. ६८,००० रुपये ठरले, ४५,००० यूपीआयने दिले. पावती नाही, कोऱ्या कागदावरचा हिशेब आहे. गाडी घरी आणली आणि महिन्याभरात पिकअप गेला. मुंबईहून येताना कसारा घाटात दुसऱ्या गिअरवर यावं लागलं. अंबडच्या एका मिस्त्रींनी कॉम्प्रेशन, म्हणजे चारही सिलिंडरांतला दाब, मोजलं : १६५, १६०, ८५, ९० पीएसआय. ऑइल टाकून पुन्हा मोजलं, तर शेवटचे दोन आकडे पाचानेच वाढले. गाडी परत गॅरेजला नेली. तो म्हणतो, ‘रिंगा तुमच्या, बोअर वर्कशॉपचा. आधी उरलेले २३,००० द्या, मग इंजिन खोलतो, मजुरी वेगळी.’ गाडी त्याच्याकडेच आहे. काय करू?

उत्तर : आधी आजच त्याला व्हॉट्सअ‍ॅपवर एक ओळ पाठवा : ‘माझ्या लेखी संमतीशिवाय आणि माझ्या गैरहजेरीत इंजिन खोलू नये.’ बाकी सगळं उद्या केलं तरी चालेल. हेड, म्हणजे सिलिंडरांवरचं झाकण, एकदा उतरलं की कॉम्प्रेशन पुन्हा मोजता येत नाही. बोल्ट किती आवळले होते, हेडखालची गळती रोखणारी पट्टी, म्हणजे गॅस्केट, कुठे फुटलं होतं, सगळं त्या क्षणी पुसलं जातं. काम खरोखर वाईट झालेलं असूनही, घाईने दुसरीकडे इंजिन खोलून घेतलं म्हणून ग्राहक आयोगात हात चोळत बसलेली माणसं मी पाहिली आहेत. त्यांच्या बाजूला सत्य होतं, पुरावा नव्हता.

आता तुमच्या आकड्यांकडे पाहू. तुमचं प्रकरण या आकड्यांवरच उभं राहणार आहे. पहिले दोन सिलिंडर ठीक आहेत, तिसरा आणि चौथा जवळपास निम्म्यावर. टायमिंग, म्हणजे व्हॉल्व्ह उघडण्या-मिटण्याची वेळ, एखाद्या दात्याने चुकलं असतं तर चारही सिलिंडर सारखेच खाली आले असते. नव्या रिंगा अजून बसल्या नाहीत, किंवा त्या मुळात हलक्या आहेत, असं असतं तर प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडल्यावर आकडा चांगलाच चढला असता, कारण ते ऑइल रिंगा आणि बोअर यांच्यामधली फट तात्पुरती बुजवतं. तुमच्याकडे तो चढला नाही. म्हणजे ‘रिंगा तुमच्या’ हे त्याचं म्हणणं, निदान या चाचणीपुरतं, टिकत नाही. बोअरचाही दोष फारसा दिसत नाही, कारण तिथली गळतीही ऑइलने दबली असती. शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकाच वेळी कमी दाखवतात तेव्हा मिस्त्री पहिली शंका घेतात ती त्या दोघांमधल्या हेड गॅस्केटवर. त्यानंतर हेडचा सपाटपणा आणि व्हॉल्व्ह. ही सगळी हेडची कामं, आणि हेड त्यानेच बसवलं.

मी वकील आहे, मिस्त्री नाही. म्हणून हे नक्की करून घ्या. लीक-डाउन चाचणीत इंजिन खोलावं लागत नाही. पिस्टन वरच्या टोकाला आणून सिलिंडरमध्ये हवा भरतात आणि ती कुठून निसटते ते ऐकतात. ऑइलच्या झाकणातून आली तर रिंगा, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर गॅस्केट. तिसऱ्यात भरलेली हवा चौथ्याच्या प्लगच्या भोकातून आली, तर मधलं गॅस्केट गेलंय हे शाळकरी मुलालाही कळेल. अंबडच्या मिस्त्रींकडून आकडे, तारीख, किलोमीटर रीडिंग आणि त्यांची सही असा कागद घ्या. कॉम्प्रेशन मोजताना इंजिन गरम होतं का, चारही प्लग काढले होते का, थ्रॉटल पूर्ण उघडा होता का, हेही त्यात लिहायला सांगा. समोरचा वकील पहिला वार तिथेच करेल.

जबाबदारी कोणाची? काम तुम्ही गॅरेजला दिलं. वर्कशॉप त्याने निवडलं, पैसे त्याने दिले, तर तुमच्यापुरतं त्या कामाचं उत्तरही त्यानेच द्यायचं. त्यांचा आपसातला हिशेब ते बघतील. रिंगा मात्र तुम्ही वेगळ्या विकत घेतल्या आहेत. तपासणीत त्यात दोष निघाला तर दुकानदार वेगळा जबाबदार. म्हणून तक्रारीत गॅरेज आणि दुकानदार दोघांनाही विरुद्ध पक्ष करा. तिसऱ्यावर बोट दाखवून कोणी निसटू नये.

पावती न देणं हीच ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ च्या कलम २(४७) खाली अनुचित व्यापारी प्रथा आहे. तुमचा यूपीआय व्यवहार आणि त्याच्या अक्षरातला हिशेब पुरावा म्हणून चालतो. व्हॉट्सअ‍ॅपचे मेसेज आणि व्हॉइस नोट मूळ फोनमध्ये तसेच ठेवा. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडून दिले तर वाद उरत नाही.

गाडी अडवून ठेवण्याबद्दल बोलू. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम १७० प्रमाणे वस्तूवर मेहनत-कौशल्य खर्च केलेल्या कारागिराला मेहनतान्यासाठी ती वस्तू ताब्यात ठेवता येते. कायद्यातलं उदाहरण हिरा घासायला दिलेल्या जवाहिऱ्याचं आहे. पण दोन गोष्टी आहेत. हा धारणाधिकार ताब्यावर टिकतो आणि त्याने गाडी तुम्हाला एकदा देऊन टाकली होती. दुरुस्तीसाठी परत आलेल्या गाडीवर जुन्या बाकीचा हक्क पुन्हा सांगणं, माझ्या मते, टिकणारं नाही. आणि हक्क ‘ठरलेल्या उद्देशाप्रमाणे’ केलेल्या कामाचा आहे. दोन सिलिंडर निम्म्यावर असलेलं इंजिन त्या उद्देशात बसतं का, हाच तर वाद आहे.

तरीही माझा व्यवहारी सल्ला ऐका. नोटिशीनंतरही तो हटला नाही आणि गाडीशिवाय तुमचं अडत असेल, तर २३,००० रुपये ‘हक्क राखून, निषेध नोंदवून’ असं लेखी कळवून यूपीआयने द्या आणि गाडी न खोललेल्या अवस्थेत बाहेर काढा. ते पैसे तक्रारीत परत मागता येतात. हरवलेला पुरावा परत मागता येत नाही. पोलिसात जायची घाई नको. निकृष्ट काम म्हणजे फसवणुकीचा गुन्हा नव्हे. नवा भाग लावला म्हणून पैसे घेतले आणि आत जुनाच निघाला, तर मात्र गोष्ट वेगळी.

नोटीस स्पीड पोस्टाने पाठवा. पंधरा दिवसांची मुदत द्या आणि संयुक्त तपासणीची तारीख, वेळ, जागा कळवा. ऑटोमोबाइल विषयाचे प्राध्यापक किंवा परवानाधारक सर्व्हेअर यांच्यासमोर आधी लीक-डाउन, मगच हेड. तो आला नाही तर तसं नोंदवून पुढे जा. तो चाचणीला गाडीच देत नसेल, तर थेट आयोगात जाऊन अंतरिम आदेश मागा. कलम ३८(८) खाली तो अधिकार आयोगाला आहे.

तक्रार नाशिकच्या जिल्हा आयोगातच करता येते. तुम्ही इथेच राहता, तेवढंही पुरेसं आहे. मोबदला पाच लाखांच्या आत असल्याने शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही. मुदत दोन वर्षांची आहे. मागण्या स्पष्ट लिहा : दिलेली रक्कम किंवा विनामूल्य दुरुस्ती, दुसरीकडे आलेला खर्च, मानसिक त्रास आणि तक्रारीचा खर्च.

आता एक अडचणीचा प्रश्न, ज्याचं उत्तर मला नाही, स्वतःला खरं द्या. घाटात त्या दिवशी तापमानाचा काटा वर गेला होता का? कूलंट कमी असताना तुम्ही गाडी तशीच दामटली होती का? इंजिन तापल्यानेही गॅस्केट जातं आणि गॅरेजवाला हाच बचाव घेईल. तसं झालं असेल तर लपवू नका. पाणी गळती त्याच्याच जोडणीतून होती का, हे मग तपासावं लागेल. काटा वर गेला नसेल, तर ते नोटिशीतच ठामपणे लिहा. पहिल्या हजार किलोमीटरला कसं चालवायचं, ऑइल कधी बदलायचं, हे त्याने सांगितलं होतं का आणि तुम्ही पाळलं का, तेही आठवून ठेवा.

हेड उतरेल त्या दिवशी निघालेलं गॅस्केट आणि रिंगा पिशवीत घाला, पिशवीवर दोघांच्या सह्या घ्या, फोटो काढा आणि ती पिशवी तुमच्याकडे ठेवा.