मांजराचं तान्हं पिल्लू सापडलं: आधी ऊब, मग दूध

तुमचा प्रश्न असा आहे: रात्रीच्या पावसानंतर सोसायटीच्या जिन्याखाली मांजराचं एकच पिल्लू सापडलं, डोळे उघडलेत पण चालताना लडखडतं, आईचा पत्ता नाही, वाटीत गायीचं दूध ठेवलं तर तोंड लावत नाही, त्याला काय आणि किती द्यायचं?

वाटी आधी उचला. या वयाचं पिल्लू चाटून पीत नाही, चोखून पितं. भुकेनं वाटीत नाक खुपसलं तर दूध श्वासनलिकेत जाईल. आणि दुधाचा विचार करण्याआधी पिल्लू गार पडलंय का ते बघा. स्वच्छ धुतलेली करंगळी त्याच्या तोंडात घाला. आतून कोमट लागलं तर ठीक. गार लागलं, पंजे आणि कान थंड असले, बोट चोखायचा प्रयत्नही केला नाही, तर दुधाचा एक थेंबही द्यायचा नाही. अंगाचं तापमान 35 अंश सेल्सियसच्या खाली गेलं की आतड्यांचं काम थांबतं. पोटात गेलेलं दूध तसंच पडून राहतं, फुगतं, उलटून घशात येतं आणि तिथून फुफ्फुसात जातं. सापडलेली कितीतरी पिल्लं उपाशी राहून मरत नाहीत, अशा मायेनं घाईघाईत पाजलेल्या दुधानं मरतात. म्हणून हे इतक्या कळकळीनं लिहितोय.

ऊब हळूहळू द्यायची, तास-दोन तास घेऊन. भिजलं असेल तर आधी टॉवेलनं टिपून पूर्ण कोरडं करा. सगळ्यात चांगली जागा म्हणजे तुमची छाती: शर्टाच्या आत, कातडीला लागून. नाहीतर पुठ्ठ्याच्या खोक्यात जुन्या सुती साडीच्या घड्या घाला आणि गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून खोक्याच्या एकाच बाजूला ठेवा. अर्धं खोकं मोकळं हवंच, म्हणजे जास्त गरम झालं की त्याला सरकता येईल. पिशवी नसेल तर प्लास्टिकच्या बाटलीत गरम पाणी भरून वर जाड मोजा चढवा, किंवा तांदूळ तव्यावर कोरडे गरम करून मोज्यात भरून गाठ मारा. हाताला सोसेल तेवढंच गरम. बाटली दोनेक तासांत निवते आणि निवलेली बाटली उलट पिल्लाचीच ऊब ओढून घेते, तेव्हा ती वेळेवर बदला. गरम पाण्यात बुडवणं, हेअर ड्रायर तोंडाजवळ धरणं, बल्ब खाली टांगणं, यातलं काही करू नका. या वयात खोक्यातली हवा 27 ते 29 अंशांच्या आसपास असावी. चार आठवड्यांचं होईपर्यंत त्याला स्वतःची ऊब नीट राखता येत नाही.

अंग कोमट झालं तरी मलूलच असेल तर साखर कमी झालेली असते. अर्धी वाटी कोमट पाण्यात एक चमचा ग्लुकोज पावडर किंवा साखर विरघळवा आणि बोटाच्या टोकानं दोन-तीन थेंब हिरड्यांना चोळा. दहा-पंधरा मिनिटांनी पुन्हा. हालचाल आली, चोखायला लागलं की मग दूध.

आईबद्दल दोन शब्द. मांजर पिल्लांना सात घरं फिरवते असं आपल्याकडे म्हणतात. जागा बदलताना ती एकेक पिल्लू मानेला धरून नेते, त्यामुळे एखादं मधेच राहिलेलं असू शकतं. पिल्लू कोरडं, उबदार आणि शांत असेल तर खोकं त्याच जागी, पाऊस लागणार नाही असं ठेवा, भोवती तांदळाची पिठी भुरभुरा आणि लांबून लक्ष ठेवा. पिठीत पंजे उमटले तर आई येऊन गेली. माणसाचा हात लागला की आई पिल्लू टाकते, हा गैरसमज आहे. मात्र तुमचं पिल्लू रात्रभर पावसात एकटं होतं, म्हणून ते आधी गरम करा आणि आईची वाट नंतर बघा.

आता दूध. गायीचं, म्हशीचं, लहान बाळाच्या डब्यातलं, यातलं कुठलंच रोजचं अन्न म्हणून चालणार नाही. गायीच्या दुधात प्रथिनं साधारण सव्वातीन टक्के, मांजरीच्या दुधात त्याच्या दुपटीच्या आसपास. म्हणजे पोट भरूनही पिल्लू उपाशी राहतं, आणि गायीच्या दुधातली दुग्धशर्करा न पचून जुलाब होतात ते वेगळंच. पेट शॉपमध्ये किंवा ऑनलाइन 'किटन मिल्क रिप्लेसर', म्हणजे मांजरीच्या दुधाऐवजी द्यायची पावडर, मागा. केएमआर, रॉयल कॅनिनचं बेबीकॅट मिल्क वगैरे. पाण्याचं प्रमाण डब्यावर लिहिलेलं असतं ते तंतोतंत पाळा. घट्ट केलं तर शी घट्ट होते, पातळ केलं तर वजन वाढत नाही. आज दुकान बंद असेल तर एक रात्र काढण्यापुरतं: 200 मिली शेळीचं दूध उकळून कोमट करा, त्यात एका अंड्याचा फक्त पिवळा बलक फेटून गाळून घ्या. शेळीचं नाहीच मिळालं तर गायीचं. उद्या संध्याकाळपर्यंत खरं दूध आणायचंच.

मापाला वय धरू नका, वजन धरा. रस्त्यावरची पिल्लं वयाच्या मानानं हडकुळी असतात. स्वयंपाकघरातला एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा डिजिटल काटा लागेल, त्याला पर्याय नाही. दर 100 ग्रॅम वजनाला दिवसाला साधारण 20 मिली तयार दूध आणि तेवढ्याच वजनाला एका वेळेला फार तर 4 मिली. पिल्लू 250 ग्रॅमचं असेल तर दिवसाचे 50 मिली, म्हणजे दर चार तासांनी 8 मिली, सहा वेळा. रात्रीसुद्धा उठावं लागेल. या वजनाला एका वेळेला 10 मिलीच्या वर जायचं नाही, कितीही ओरडलं तरी. पहिल्या दोन-तीन वेळा यातलं निम्मंच द्या, पोटाला सवय होऊ दे. कधी डोळे मिटलेलं, म्हणजे आठवड्याच्या आतलं पिल्लू सापडलं, तर दर दोन तासांनी पाजावं लागतं. दुसऱ्या आठवड्यात दर तीन तासांनी. डोळे साधारण आठ ते बारा दिवसांत उघडतात आणि पुढचे बारीक दात दोन-तीन आठवड्यांत हाताला लागतात, त्यावरून वय ताडता येतं.

पाजण्याची पद्धत नीट वाचा, सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. पिल्लू कधीही माणसाच्या बाळासारखं उताणं धरायचं नाही. टॉवेलावर पालथं, पोटावर, आईला पितं तसं. पुढच्या पायांखाली छोटी गुंडाळी ठेवा म्हणजे त्याला ती तुडवता येते. हनुवटी किंचित वर, मान मागे वाकवायची नाही. दूध 38 अंशांच्या आसपास, मनगटावर थेंब टाकला तर ना गार लागावा ना चटका बसावा. मायक्रोवेव्हमध्ये तापवू नका, मधेच एखादा भाग कढत राहतो. बाटली गरम पाण्यात उभी करा. निपलला भोक आपल्याला पाडावं लागतं. तापवलेल्या सुईनं पाडा आणि बाटली उलटी धरून बघा: थेंब थेंब पडायला हवं, धार लागली तर ते निपल टाकून द्या. नीट पितं तेव्हा जिभेची पन्हळ होऊन ती निपलला खालून कवटाळते आणि प्रत्येक घोटाबरोबर कान हलकेच मागेपुढे हलतात. कान हलत असले की समजा, दूध बरोबर वाटेनं जातंय.

सिरिंजनं देणार असाल तर सुईशिवायची 1 किंवा 2 मिलीची घ्या. तोंडाच्या कडेनं एकेक थेंब सोडा, तो गिळला की दुसरा. एक बारीक गोष्ट: सिरिंजच्या दट्ट्याचं रबर तीन-चार वेळा धुतल्यावर चिकट होतं. मग दाबलं तरी दट्ट्या हलत नाही, आपण जोर लावतो आणि एकदम अर्धा मिली तोंडात उसळतो. तेच दूध फुफ्फुसात जातं. सिरिंज काही रुपयांना मिळते, रोज नवी घ्या. नाकातून दूध आलं तर लगेच थांबा, पिल्लू डोकं खाली करून धरा आणि नाक पुसा. त्यानंतर श्वासाला घरघर किंवा टकटक आवाज येऊ लागला, किंवा ते तोंड उघडं ठेवून श्वास घेऊ लागलं, तर त्याच दिवशी डॉक्टर.

ओठांच्या कडेला बुडबुडे आले, तोंड फिरवलं की पोट भरलं. पोट गोलसर हवं, तबल्यासारखं ताणलेलं नको. पाजून झाल्यावर पाठीवर हलके थोपटा. उरलेलं दूध टाकून द्या. न उष्टावलेलं फ्रिजमध्ये 24 तास राहतं. पावडरचा उघडलेला डबाही फ्रिजमध्येच ठेवा, आपल्या पावसाळी हवेत बाहेर ती चिकट होते आणि खवट होते.

तीन-चार आठवड्यांपर्यंत बहुतेक पिल्लांना आपणहून शी-शू होत नाही, आई चाटून करवते. ते काम आता तुमचं. कोमट पाण्यात भिजवून पिळलेला कापसाचा बोळा शेपटीखाली हलक्या हातानं, चाटल्यासारखा फिरवा, अर्धा-एक मिनिट. शू प्रत्येक वेळी व्हायला हवी, आणि फिकट पिवळी. गडद असेल तर पाणी कमी पडतंय. मानेची कातडी चिमटीत धरून बघायची युक्ती इतक्या लहान पिल्लात फसवते, शूचा रंग जास्त खरं सांगतो. शी मोहरीच्या चटणीच्या रंगाची, टूथपेस्टइतकी घट्ट असावी. पांढरट-करडी म्हणजे दूध न पचता बाहेर पडतंय, बहुधा जास्त पाजलं जातंय. तेव्हा मापं कमी करा. पाण्यासारखी पातळ झाली तर दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका. नवीन दुधावर एखादा दिवस शी झाली नाही तर घाबरायचं नाही, दोन दिवस झाले तर दाखवा. जागा लाल होऊ लागली तर घासणं कमी करा आणि कोरडं टिपा.

रोज ठरावीक वेळी, पाजण्याआधी वजन करून कागदावर लिहा. दिवसाला 10 ते 15 ग्रॅम वाढायला हवं. एक दिवस तेवढंच राहिलं तर लक्ष ठेवा. घटलं, किंवा दोन दिवस हललंच नाही, तर पिल्लू वरून कितीही टवटवीत दिसो, डॉक्टरकडे न्या. लक्षणं दिसायच्या आधी काटा सांगतो.

घरातल्या काही गोष्टी आजच दूर करा. फरशीला फिनेल, डेटॉल नको. मांजराच्या यकृताला ते पचवता येत नाहीत, आणि पिल्लू ओल्या फरशीवर फिरून पंजे चाटतं. कपाटातल्या डांबराच्या गोळ्या, कापूर, निलगिरीचं तेल दूर ठेवा. ताप वाटतोय म्हणून पॅरासिटामॉलचा कण जरी दिला तरी जीव जाऊ शकतो. पिसवा असतील तर दुर्लक्ष करू नका, एवढ्याशा जिवाचं रक्त त्या पिऊन टाकतात. हिरड्या पांढुरक्या दिसल्या तर तेच समजा. पण कुत्र्यांचं पिसवांचं औषध मुळीच नको, त्यात परमेथ्रिन नावाचं कीटकनाशक असतं तेव्हा ते मांजराला विष ठरतं. बारीक दातांच्या फणीनं विंचरा आणि प्रत्येक वेळी फणी साबणाच्या पाण्यात बुडवा. अंघोळ घालावीच लागली तर कोमट पाणी, जरासा बेबी सोप, पाच मिनिटांत आटपून पूर्ण कोरडं करा. डोळे चिकटले तर उकळून कोमट केलेल्या पाण्याचा कापूस लावा, प्रत्येक डोळ्याला वेगळा.

जंतांचं औषध दुसऱ्या आठवड्यापासून दर दोन आठवड्यांनी देतात, पण डोस वजनावर असतो, तो डॉक्टरांनाच काढू द्या. मुंबईत असाल तर परळचं बैलघोडा हॉस्पिटल आहे. गावाकडे सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात गाई-म्हशींची गर्दी असली तरी पिल्लाचं वजन आणि जंतांचं औषध तिथे होतं. पहिली लस सहा ते आठ आठवड्यांना, मग दर तीन-चार आठवड्यांनी सोळा आठवडे होईपर्यंत, आणि रेबीजची बारा आठवड्यांना. तोवर तुम्हाला चावलं किंवा ओरखडलं तर जखम साबण आणि वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं धुवा आणि स्वतःच्या लशीसाठी दवाखान्यात जा. एवढंसं पिल्लू आहे म्हणून हे टाळू नका.

चार आठवड्यांच्या सुमारास ते निपल चावायला लागेल. तेव्हा पसरट बशीत 'किटन' लिहिलेलं ओलं खाद्य त्याच्याच दुधात कालवून ठेवा आणि बोटाला लावून चाटवा. सहा आठवड्यांपर्यंत बाटली सुटते. घरचं द्यायचं तर बिनहाडाचं उकडलेलं चिकन त्याच्याच पाण्यात वाटून. मीठ, कांदा, लसूण नाही. मात्र नुसत्या चिकनवर कायम ठेवलं तर कॅल्शियम कमी पडून हाडं वाकतात, म्हणून मुख्य अन्न खाद्यच हवं. दूध-पोळीवर किंवा वरण-भातावर मांजर वाढत नाही. त्याला टॉरिन नावाचं अन्नद्रव्य लागतं, ते मांसातूनच मिळतं, आणि ते कमी पडलं तर डोळे आणि हृदय दोन्ही जातात. घर शाकाहारी असेल तर पाकिटातलं खाद्य द्या, पण मांसाचंच द्या. याच वयात शी-शूसाठी उथळ ट्रेमध्ये वर्तमानपत्राचे तुकडे किंवा वाळू ठेवा. दुकानातलं भिजलं की गोळा होणारं 'कॅट लिटर' इतक्यात नको, पिल्लू ते खातं आणि ते पोटात फुगतं.

पिल्लाचं आताचं वजन, तोंडात बोट गार लागलं का कोमट, आणि शेवटची शू कुठल्या रंगाची झाली, एवढं खाली लिहा. त्यावरून आज रात्रीच्या प्रत्येक वेळेचं माप सांगतो.