समुद्री अभयारण्यातला पाण्याखालचा आवाज कसा मोजतात? खान्देशात राहून हे शिकता येईल का?

प्रश्न असा आहे: तुम्ही अमळनेरला बीएस्सी फिजिक्सला आहात, मालवणच्या सागरी अभयारण्यात पर्यटकांच्या बोटींमुळे पाण्याखाली किती गोंगाट होतो ते मोजायचं डोक्यात आहे, आणि समुद्र इतका लांब असताना हे जमेल का?

जमेल. प्रत्यक्ष समुद्रावरचं काम यात थोडंच असतं, बाकी सगळं संगणकासमोर बसून करायचं. मी जळगावात इलेक्ट्रॉनिक्स शिकवतो आणि हायड्रोफोनच्या, म्हणजे पाण्याखालच्या मायक्रोफोनच्या, रेकॉर्डिंगशी खेळत असतो, तेवढ्या अधिकाराने सांगतो.

सगळ्यात आधी डेसिबल नीट समजून घ्या, कारण बहुतेक बातम्या इथेच घसरतात. डेसिबल म्हणजे एका ठरलेल्या दाबाशी, म्हणजे संदर्भ दाबाशी, केलेली तुलना. हवेत मोजताना हा दाब 20 मायक्रोपास्कल धरतात, पाण्यात 1. त्यात पाण्याची घनता जास्त आणि आवाजाचा वेगही जास्त, सेकंदाला साधारण 1500 मीटर. दोन्ही गोष्टी धरल्या की सुमारे 62 डेसिबलचा फरक पडतो. म्हणजे पाण्यातले 120 डेसिबल हे तीव्रतेच्या हिशोबाने हवेतल्या 58 च्या आसपास. मोठ्या मालवाहू जहाजाचा आवाज 1 मीटर अंतराला आणून मांडला तर 180 ते 190 भरतो. ते वाचून कुणीतरी लगेच ‘जेट विमानापेक्षा भयंकर’ असं लिहून मोकळं होतं. संदर्भ दाब, अंतर आणि फ्रिक्वेन्सीचा पट्टा न सांगता दिलेला आकडा म्हणजे केळीचा भाव सांगायचा, पण क्विंटलचा की डझनाचा ते सांगायचंच नाही.

यंत्र साधं असतं. पिझो सिरॅमिकचा (दाब पडला की वीज देणाऱ्या पदार्थाचा) हायड्रोफोन, त्यामागे क्षीण सिग्नल वाढवणारा प्रीअँप, रेकॉर्डर आणि बॅटऱ्या, सगळं पाणी न शिरणाऱ्या नळकांड्यात. ते वजनाला बांधून तळाशी सोडतात आणि काही आठवड्यांनी काढून आणतात. सेकंदाला 48,000 नमुने, 16 बिट, असं सलग रेकॉर्ड केलं तर दिवसाला सव्वाआठ जीबीच्या आसपास डेटा जमतो. म्हणून पुष्कळ जण दर अर्ध्या तासातली पाचच मिनिटं रेकॉर्ड करतात. सेकंदाला 48,000 नमुन्यांच्या वेगाने त्याच्या निम्म्या, म्हणजे 24 किलोहर्ट्झपर्यंतचं पकडता येतं, बोटींसाठी ते भरपूर झालं. डॉल्फिनचे क्लिक 100 किलोहर्ट्झच्याही वर जातात, त्यांच्या मागे लागायचं तर यंत्र वेगळं आणि खर्चही वेगळा. हायड्रोफोन कॅलिब्रेट केलेला, म्हणजे किती दाबाला किती सिग्नल देतो हे तपासलेला, हवाच. नसेल तर तुम्ही आवाज ऐकला, मोजला नाही.

आता मालवण. अभयारण्य 1987 चं, क्षेत्र 29.12 चौरस किलोमीटर, सिंधुदुर्ग किल्ला त्याच्या गाभ्यातच येतो. युरोपीय संघाने 2008 मध्ये समुद्राच्या रक्षणासाठी काढलेल्या निर्देशानंतर तिथे 63 आणि 125 हर्ट्झ हे दोन पट्टे मोजायची पद्धत रुळली. ते पट्टे निवडले लांबून येणाऱ्या मोठ्या जहाजांच्या घरघरीसाठी. माझ्या मते मालवणला ते जसेच्या तसे उचलण्यात अर्थ नाही. उथळ पाण्यात खालच्या फ्रिक्वेन्सी पुढे सरकतच नाहीत: 10 मीटर खोलीत, तळ अगदी टणक धरला तरी, साधारण 40 हर्ट्झच्या खालचा आवाज जवळच विरतो, आणि वाळूच्या तळावर ही मर्यादा आणखी वर चढते. पर्यटकांच्या बोटींची आउटबोर्ड इंजिनं काहीशे हर्ट्झपासून काही किलोहर्ट्झपर्यंत बोंबलतात. तिथे बघा.

पण तिथे आधीच एक रहिवासी आहे. खडकाळ, प्रवाळ असलेल्या उबदार पाण्यात एक छोटी कोळंबी राहते. तिची एक नांगी मोठी असते. ती नांगी इतक्या झटक्यात मिटते की पाण्यात बुडबुडा तयार होऊन फुटतो, आणि हजारो कोळंब्यांची तडतड 2 किलोहर्ट्झच्या वर अखंड चालू राहते. संध्याकाळी घोळ, ढोमा यांच्या कुळातले मासे पोटातल्या हवेच्या पिशवीवर स्नायू थरथरवून गुरगुरतात, ते वेगळंच. नुसती सरासरी काढली तर कोळंबी आणि बोट एकाच आकड्यात मिसळतात. म्हणून तासागणिक, पट्ट्यागणिक मध्यक काढायचा, आणि सोबत सर्वात शांत दहा टक्के वेळ किती शांत होता तेही पाहायचं.

तुम्हाला वाटेल, पावसाळ्यात बोटी बंद असतात, तेव्हा मूळची शांतता मोजू. तसं होत नाही. लाटा, वारा आणि पाऊस तेव्हा आवाज वाढवतात, शिवाय खवळलेल्या समुद्रात यंत्र टाकणार कोण? दिवाळीच्या सुट्टीतली गर्दी आणि त्याच ऋतूतले आडवार, दुपार आणि पहाट, अशी तुलना जास्त प्रामाणिक.

याचं महत्त्व पटवायला एकच उदाहरण देतो. सप्टेंबर 2001 च्या हल्ल्यानंतर अमेरिका-कॅनडाकडची जहाजवाहतूक एकदम मंदावली. तेव्हा कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावरच्या फंडीच्या उपसागरात पाण्याखालचा आवाज सुमारे 6 डेसिबलने उतरला आणि तिथल्या राइट व्हेल देवमाशांच्या विष्ठेतली ताणाची संप्रेरकंही कमी भरली. हे कळलं ते त्या दिवसांच्या आधीपासून कुणीतरी तिथे नोंदी ठेवत होतं म्हणून.

शिकायला सुरुवात घरून करा. अमेरिकेने 2018 ते 2022 या काळात आपल्या सागरी अभयारण्यांत ‘सँक्टसाउंड’ नावाने अशी मोजणी केली, तो डेटा खुला आहे. कॅलिफोर्नियाच्या माँटेरे उपसागरातल्या सुमारे 900 मीटर खोलीवरच्या हायड्रोफोनचंही 2015 पासूनचं रेकॉर्डिंग फुकट मिळतं. ‘ऑडॅसिटी’ या आवाजाच्या सॉफ्टवेअरमध्ये स्पेक्ट्रोग्राम (कोणत्या वेळी कोणती फ्रिक्वेन्सी किती, याचं चित्र) बघायला शिका, मग ‘पॅमगाइड’ हे आवाजाची पातळी काढणारं सॉफ्टवेअर किंवा पायथॉन यांच्याकडे वळा.

हात चालवायचे असतील तर पिझो चकती, शील्ड केबल, इपॉक्सी आणि पीव्हीसी पाइप (जळगावात त्याला काय तोटा!) यांतून ऐकण्यापुरता हायड्रोफोन बनतो. तो घेऊन गिरणा धरणावर मासेमारांच्या होडीत बसलो होतो, तेव्हा नावाडी म्हणाला, “पाणीमा काय ऐकी ऱ्हायना, भाऊ?” हेडफोन त्याच्याच कानाला लावला. दोर होडीला घासतोय, हे माझ्याआधी त्याने ओळखलं. समुद्रातही निम्मी डोकेदुखी हीच: साखळीचा खडखडाट आणि प्रवाहाचा घरघराट बोटीच्या नावावर खपून जातो.

मालवणला खरोखर यंत्र टाकायचं ठरलं तर वन विभागाची लेखी परवानगी लागते. कॉलेजच्या लेटरहेडवर, प्राध्यापकांच्या सहीने, हंगामाच्या बरंच आधी अर्ज करा. कॅलिब्रेट केलेला हायड्रोफोन विकत घेऊ नका, महाग असतो. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत पाण्याखालच्या ध्वनीवर काम झालेलं आहे, तिथे सरांकरवी आधी पत्र पाठवून बघा.