शीर्षासनाची घाई नको

बडोदे

चिरंजीवास अनेक आशीर्वाद,

पंधरा दिवसांत शीर्षासन शिकवणारा वर्ग लावू का, असं विचारलं आहेस. लावू नकोस. आणि का नको, ते समजून घे.

दांडिया बाजारातलं जुम्मादादा व्यायाममंदिर तुला ठाऊक आहे. जुम्मादादांचे शिष्य प्रो. माणिकराव, आणि माणिकरावांच्या हाताखाली १९०७ पासून तीन वर्षं घाम गाळलेला आपल्या डभोईचा तरुण म्हणजे जगन्नाथ गुणे. पुढे नर्मदाकाठी मालसरला त्यांना माधवदासजी महाराज भेटले आणि ते योगात शिरले. हेच स्वामी कुवलयानंद. १९२४ साली त्यांनी लोणावळ्याला कैवल्यधाम ही योगसंस्था काढली. गुरूंवर अपार श्रद्धा असूनही, शिकलेली क्रिया शरीरात नेमकं काय घडवते हे त्यांनी क्ष-किरणांनी आणि दाबमापकाने तपासलं. नौली, म्हणजे पोटाचे स्नायू घुसळण्याची क्रिया, करताना मोठ्या आतड्यातला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो, हे मोजून त्या निर्वाताला त्यांनी गुरूंचंच, माधवदासजींचं, नाव दिलं! मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. तूही असाच शीक, श्रद्धेने आणि तपासून.

पतंजलींनी आसनाची व्याख्या तीन शब्दांत केली आहे: स्थिरसुखमासनम्, म्हणजे स्थिर आणि सुखाचं असेल ते आसन. पाय थरथरू लागले, श्वास अडकला, की तिथे आसन संपलं, पुढे नुसती ओढाताण. भुजंगासन, पश्चिमोत्तानासन, पवनमुक्तासन आणि शेवटी शवासन, एवढं तुला सध्या पुष्कळ आहे. शीर्षासनात मानेवर भार येतो आणि डोळ्यांतला दाब वाढतो. तुमच्या घरात काचबिंदू आहे, तेव्हा डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय तो विषयच काढू नकोस.

झोप लागत नाही, अभ्यासाला बसलं की छाती धडधडते, असंही लिहिलं आहेस. मला खरी काळजी त्याची आहे. पाठ ताठ ठेवून बस आणि श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ लाव. श्वास सोडताना हृदयाचे ठोके मंदावतात, कारण त्यांना आवरणाऱ्या मज्जातंतूचा जोर तेव्हा वाढतो. सावकाश उच्छ्वासाने मन निवतं ते यामुळेच. कुंभक, म्हणजे श्वास रोखून धरणं, मात्र इतक्यात नको. विचार येत राहतील, येऊ देत. १९०८ च्या जानेवारीत याच बडोद्यात योगी विष्णू भास्कर लेले यांनी श्री अरविंदांना ध्यानाला बसवलं, तेव्हा येणारे विचार बाहेरून येताना पाहायला सांगितलं होतं. अरविंदांचं मन तीन दिवसांत शांत झालं. तुला वेळ लागेल, आणि लागू दे. धडधड महिनाभरात कमी झाली नाही तर डॉक्टरांकडे जा; योग करतोय म्हणून औषध टाळायचं नसतं.

रविवारी सकाळी काही न खाता घरी ये, सतरंजी घेऊन. भुजंगासनात तू मान मागे फेकतोस असं मला वाटतंय, ते आधी बघू.

तुझा,
काका