हेट्झर सुरुवातीच्या महिन्यांतला आहे हे कशावरून ओळखायचं?

तुमचा प्रश्न असा, की हेट्झर या दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन रणगाडाभेदी गाडीच्या 1/35 मॉडेल किटमध्ये दोन तऱ्हेचे आयडलर (साखळी ताणून धरणारी मागची चाकं) आले आहेत, गाडी मे-जून 1944 ची करायची आहे, तर कुठला आयडलर लावू आणि सुरुवातीची गाडी आणखी कशावरून ओळखू. बहुतेक जण तुम्हाला आयडलरची भोकं मोजायला सांगतील. मी आधी विचारेन, तुमची गाडी उभी कशी आहे?

सुरुवातीचा हेट्झर नाकावर झुकलेला असतो. हे ज्याला माहीत नाही त्याने या गाडीबद्दल कुणाला शिकवू नये, असं माझं ठाम मत आहे.

काही वर्षांपूर्वी मी असाच एक सुरुवातीचा हेट्झर केला. ऑफिसातून आल्यावर रोज तासभर, असे पाच महिने गेले. गाडी मुळात 38(टी) या जेमतेम दहा टनी रणगाड्याच्या घडणीवरून निघालेली. तिच्यावर 75 मिमीची पाक 39 तोफ आणि समोर 60 मिमी जाडीचा तिरपा पत्रा चढवला, की वजन सोळा टनांच्या घरात जातं आणि त्यातलं बरंचसं पुढे येतं. तोफही मधोमध नाही, 38 सेंटिमीटर उजवीकडे आहे. कमानपाटे जुन्याच जाडीचे, 7 मिमीचे. त्यामुळे पुढची बाजू मागच्यापेक्षा सुमारे 10 सेंटिमीटर खाली बसायची. 35 ने भागा, जवळजवळ तीन मिलिमीटर होतात. 139 मिमी लांबीच्या मॉडेलवर तीन मिलिमीटर डोळ्यांना लगेच दिसतात.

मी किटमधल्या चाकांच्या खुंट्या कापल्या. पहिल्या चाकाची खुंटी दीड मिलिमीटर वर बसवली, दुसऱ्याची एक, तिसऱ्याची अर्धा, चौथी होती तिथेच ठेवली. एक बाजू दोनदा उखडून पुन्हा केली, कारण उजवं-डावं जुळत नव्हतं. साखळीची प्रत्येक कडी वेगळी असलेला सेट वापरला, म्हणजे ती चाकांच्या चढाबरोबर नीट बसते.

मग आमच्या शहरातल्या एका प्रदर्शनात मॉडेल ठेवलं. परीक्षकांनी कार्डावर लिहिलं, ‘चाकांची जुळणी सदोष, गाडी पुढे कललेली.’ मी मोजमापांचा कागद आणि युद्धकाळातल्या फोटोंच्या प्रती बरोबर नेल्या होत्या. म्हटलं, सर, एकदा बघा तरी. ते म्हणाले, ‘मी परदेशात म्युझियममध्ये खरी गाडी पाहिली आहे, ती अगदी सरळ उभी असते.’ कागद त्यांनी हातातही घेतला नाही. माझी बायको आणि आठवीतला मुलगा शेजारीच उभे होते. घरी येताना मुलाने विचारलं, ‘बाबा, खरंच चुकलं होतं का?’ त्याचा तो प्रश्न मला अजून बोचतो.

चुकलं नव्हतं. त्यांनी पाहिलेल्या गाडीचा फोटो मी पुढे शोधून काढला. ती स्विस जी-13 निघाली. युद्धानंतर स्कोडाने स्वित्झर्लंडसाठी अशा 158 गाड्या बांधल्या आणि आज म्युझियममध्ये किंवा खासगी संग्रहात ‘हेट्झर’ म्हणून दिसणाऱ्या कितीतरी गाड्या मुळात जी-13 आहेत, तोफेच्या तोंडावरचा मझल ब्रेक (धक्का कमी करणारा भाग) काढून जर्मन रंग दिलेल्या. युद्धकाळातही पुढे कमानपाटे 9 मिमीचे केले, मँटलेट, म्हणजे तोफेच्या बुडाशी असलेलं जाड कवच, हलकं केलं, तेव्हा नाक वर आलं. म्हणून म्युझियममधली गाडी बघून एप्रिल 1944 ची गाडी ठरवू नका. तारीख पक्की असलेला जुना फोटो बघा. वॉर्सॉच्या उठावात पोलिश बंडखोरांनी 2 ऑगस्ट 1944 ला नेपोलियन चौकात एक हेट्झर पकडला आणि बॅरिकेडमध्ये बसवला. ‘ख्वात’ नावाने तो प्रसिद्ध आहे. त्याच्यावर जे दिसतं ते ऑगस्टच्या आधीचंच असणार, यावर वादच नाही.

बाकीच्या खुणा थोडक्यात. मँटलेट रुंद आणि जड हवं, अरुंद ते नंतरचं. मोठ्या चाकांच्या कडेला 32 बोल्ट हवेत, 16 रिव्हेट दिसले तर ती पुढची गाडी. सायलेन्सर आडवा हवा. उभा, ज्वाळा झाकणारा एक्झॉस्ट ऑक्टोबरच्या आसपास आला, आणि ड्रायव्हरच्या पेरिस्कोपवरचं बाहेर आलेलं खोकं त्याच सुमारास गेलं. बाजूच्या स्कर्टची, म्हणजे साखळीवर लटकणाऱ्या पातळ पत्र्यांची, टोकं सरळ असू द्या, आत वळवलेली नकोत. झिमेरिटचा, म्हणजे चुंबकी सुरुंग चिकटू नयेत म्हणून जर्मन रणगाड्यांना देत तो, लेप मुळीच लावू नका, हेट्झरला तो नव्हता. किट कंपन्यांपैकी तामिया मधल्या काळातली गाडी देते, सुरुवातीची हवी तर अकादमीचं त्या नावाचं किट घ्या. तुमचं किट कुठलं हे तुम्ही लिहिलेलं नाही.

हेही सांगायला हवं, की कारखान्यात जुने भाग संपेपर्यंत वापरत आणि आघाडीवर दुरुस्तीत जे हाती येईल ते बसवत. शिवाय प्रागच्या बीएमएम कारखान्याने एप्रिलमध्ये सुरुवात केली, स्कोडाने जुलैमध्ये, त्यामुळे मे-जूनची गाडी म्हणजे बीएमएमचीच. एखाद्या फोटोत दोन काळांचे भाग एकत्र दिसले तर तो फोटो खोटा ठरत नाही. तुम्ही त्याच एका गाडीचं मॉडेल करत असाल तर फोटोत आहे तसंच करा, आणि प्रदर्शनात तो फोटो मॉडेलशेजारी उभा करून ठेवा. हातात कागद धरून परीक्षकांची वाट बघू नका.

आयडलर बारा भोकांचा लावा.