क्लॉडिनची पहिली कुपी हातात आल्यावर

घाबरू नकोस गं, प्रथिन नाजूक आहे, पण नखरे ठरलेले आहेत.

क्लॉडिन हे शेजारच्या पेशी एकमेकींना घट्ट जोडणारं प्रथिन, ते पेशीपटलातून ४ वेळा आरपार जातं. नुसत्या पाण्यात ते टिकत नाही, म्हणून विरघळवलेल्या क्लॉडिनच्या कुपीत बहुधा डिटर्जंट (प्रथिनाला विरघळलेलं ठेवणारा साबणासारखा पदार्थ) असतो. नवशिक्यांची मोठी चूक इथेच होते: साध्या बफरमध्ये (आम्लता स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात) पातळ करतात, डिटर्जंट अपुरा पडतो, प्रथिनाचे गठ्ठे होतात. आधी सोबतचा कागद वाच, मग त्याच डिटर्जंटचा बफर कर. कंट्रोललाही (तुलनेसाठीच्या नमुन्यालाही) तोच बफर, फक्त प्रथिनाशिवाय. हे तर बरेच जुनेजाणतेही विसरतात!

बाकी एवढं बघ:

- उघडण्याआधी कुपी सेंट्रिफ्यूजमध्ये जराशी फिरव. थेंब झाकणाला चिकटलेले असतात.
- लगेच छोटे वाटे करून उणे ८० अंशांवर ठेव. वितळलेला वाटा पुन्हा गोठवू नकोस.
- व्हॉर्टेक्सवर (जोरात हलवणाऱ्या यंत्रावर) हलवू नकोस, फेस येतो.
- जेलसाठी (ज्यात प्रथिनं आकारानुसार वेगळी होतात) नमुना उकळू नकोस, ३७ अंशांवर ठेवून बघ. उकळलेलं प्रथिन गोळा होऊन जेलच्या वरच्या टोकाला अडकतं.

आणि पुढची कुपी मागवताना पार्सल आठवड्याच्या सुरुवातीला निघेल असं कंपनीला सांग. बेळगावात येईतो मध्ये रविवार आला, तर सुका बर्फ गोदामातच उडून जातो. फ्रीझर जनरेटरच्या लाइनवर आहे ना, तेही विचारून घे.